घंटागाडीत न घालण्याच्या गोष्टी

दसरा सरला की घरोघरी माळे उपसायला सुरुवात होते. पितळेची भांडी घासायला खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि त्यांच्या मागून काही बेवारस वस्तू निघतात. तळाशी रंग वाळलेला डबा, अर्धी टर्पेंटाइनची बाटली, गेलेली ट्यूबलाइट, फुगलेली पॉवर बँक, आजोबांच्या आजारपणातल्या गोळ्यांची पिशवी, ढेकणांचे औषध, लेबल निघून गेलेली कसलीशी पांढरी पावडर. रद्दीवाला यातले काही घेत नाही आणि घरात ठेवावे असेही काही नसते. मग सगळे एका काळ्या पिशवीत भरायचे, गाठ मारायची आणि सकाळी घंटागाडी आली की सुक्या कचऱ्यात ढकलून द्यायचे, असा शिरस्ता पडून गेला आहे.

असा कचरा वजनाने थोडाच असतो. बहुतेक घरांतला वर्षभराचा ऐवज एका बादलीत मावेल. पण ओल्या-सुक्या कचऱ्याचा जो अनुभव आपल्या गाठीशी आहे, तो इथे कामाला येत नाही. भाजीची देठे कुठेही पडली तरी शेवटी कुजतात. गोळी, सुई, सेल आणि पारा यांचे तसे नाही. यांतल्या प्रत्येकाची घातक ठरण्याची वाट वेगळी आहे. सुई हाताला लागते, गोळी पाण्यात उतरते, सेल पेट घेतो, पारा हवेत जातो. त्यामुळे ‘हे कुठे टाकू?’ असे विचारण्याआधी ‘ही वस्तू कोणत्या वाटेने गेली तर सर्वांत जास्त नुकसान करील?’ असे विचारावे. मग ती वाट बंद करणे तेवढे उरते आणि त्याला फारसे ज्ञान लागत नाही.

हाताची वाट

आपण टाकलेला कचरा कुणीतरी हाताने निवडतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पुण्यात कचरावेचक बायांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. या बायांचे काम पाहिले तर कळते, की गाठ मारलेली पिशवी हीच त्यांची मोठी अडचण असते. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून गाठ सोडून हात घालावा लागतो. हातमोजे असले तरी इन्सुलिनच्या पेनची सुई कापडातून आणि पातळ रबरातून सहज आरपार जाते. वापरलेल्या सुईवाटे कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांची लागण होऊ शकते. शिवाय जिला ती सुई टोचली, तिला ती कुणाच्या घरातली आणि कुणाच्या रक्ताची हे कळायला काहीच मार्ग नसतो.

मधुमेहाचे रोगी आता जवळपास प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांच्यातल्या इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी रोज एखादी तरी सुई आणि साखर तपासायची एखादी लॅन्सेट टाकायला निघते. दवाखान्यांवर जैववैद्यकीय कचऱ्याचे कडक नियम आहेत. तिथे सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्या लागतात. घरी तीच सोय फुकटात करता येते. फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्यावी, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे आणि सुई वापरून झाली की टोपण न लावता थेट आत सोडावी. टोपण परत लावतानाच बोटाला टोचण्याचे प्रकार होतात. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी फिरवावी आणि ज्या डॉक्टरांकडे किंवा प्रयोगशाळेत आपले जाणे-येणे असते, तिथे घेतात का ते विचारावे. पाण्याची पातळ बाटली या कामाला चालत नाही, कारण ती दाबली गेली की सुई बाहेर येते.

फुटलेली काच, दाढीची पाती आणि कटरची पाती यांनाही हाच न्याय लावावा. काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहिले तरी पुढचा हात वाचतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची जी चळवळ ‘स्वच्छ’ने पुण्यात चालवली, तिच्यामागे हाच विचार होता. पुडी उघडण्याआधीच आत काय आहे ते कळले पाहिजे.

मोरीची वाट

दुसरी वाट पाण्याची. मुदत संपलेले खोकल्याचे औषध बेसिनमध्ये ओतले आणि गोळ्या संडासात टाकून पाणी सोडले की घर मोकळे झाल्यासारखे वाटते. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे मुख्यतः मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. औषधांचे रेणू पकडणे हे त्यांचे काम नव्हेच. आपल्याकडे तर बरेचसे सांडपाणी त्या केंद्रापर्यंत पोचतही नाही, सरळ नदीत जाते.

‘एवढ्याशा गोळीने नदीचे काय होणार?’ ही शंका रास्त आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. त्यांतल्या एका सरोवरात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षे गर्भनिरोधक गोळीतले संप्रेरक मुद्दाम सोडले. प्रमाण होते लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाची पाच-सहा पट. तेवढ्याने फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांत मादीची लक्षणे दिसू लागली, वीण थांबली आणि त्या सरोवरातून तो मासा जवळजवळ नाहीसा झाला. हे संप्रेरक सांडपाण्यात येते ते मुख्यतः गोळी घेणाऱ्यांच्या लघवीतून आणि ते कुणाला टाळता येत नाही. पण न घेतलेली गोळी त्यात आणखी मिसळणे टाळता येते. प्रतिजैविकांचा धोका निराळा आहे. सांडपाण्यात ती थोड्या प्रमाणात सतत राहिली, की त्यांना दाद न देणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात.

मग जुनी औषधे टाकायची कशी? आधी ओळखीच्या औषधवाल्याला विचारावे. केरळ सरकारने २०२५ मध्ये ‘एन-प्राउड’ नावाची योजना सुरू करून कोझिकोडमध्ये घरातली उरलेली औषधे गोळा करायला आरंभ केला. अशी सोय सर्वत्र व्हायला हवी. ती नसेल तिथे गोळ्या पाकिटातून काढाव्यात, चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत कालवाव्यात आणि जुन्या डब्यात घट्ट बंद करून घातक कचऱ्यात द्याव्यात. चोथ्यात कालवल्या की त्या मूल, जनावर किंवा जुनी औषधे पुन्हा विकणारा यांपैकी कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत. रिकामे पाकीट कापून टाकावे. याला अपवाद एकच. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी काही तीव्र वेदनाशामके अशी आहेत, की चुकून एखादी गोळी मुलाच्या तोंडात गेली तरी जीव जाऊ शकतो. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने अशा मोजक्या औषधांची यादी केली असून ती संडासात सोडून देण्यास सांगितले आहे. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल तर याबाबत डॉक्टरांना जरूर विचारावे.

मोरीचा आणखी एक धोका तर डोळ्यांसमोर घडतो. संडास घासायच्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर ब्लीचिंग पावडर आणि ब्लीचच्या द्रवात हायपोक्लोराइट. दिवाळीच्या साफसफाईत डाग निघेना म्हणून एकावर दुसरे ओतले, किंवा दोन्हींच्या उरलेल्या बाटल्या एकदमच मोरीत रिकाम्या केल्या, तर क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून लहानशा बंद न्हाणीघरात तो खालीच साचून राहतो आणि वाकून फरशी घासणाऱ्याच्या थेट नाकातोंडात जातो. डोळे चुरचुरले, घसा आवळल्यासारखा झाला तर काम तिथेच टाकून बाहेर पडावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, श्वास लागत असेल तर दवाखाना गाठावा. ‘उतारा’ म्हणून वर तिसरे काही ओतू नये. हे द्रव टाकून देण्यापेक्षा त्यांच्याच कामाला वापरून संपवणे बरे. उरले तर मूळ बाटलीतच ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेले ॲसिड पोरांनी तहानेच्या भरात तोंडाला लावण्याची भीती असते.

तळणाचे तेल घातक नव्हे, पण मोरी तुंबवते. ते गार करून बाटलीत भरून द्यावे किंवा रद्दीत टिपून टाकावे. गाडीचे काळे ऑइल मात्र गॅरेजवाल्याकडेच परत गेले पाहिजे.

आगीची वाट

मोबाइल, पॉवर बँक, इअरफोन, दाढीचे यंत्र, मुलांची रिमोटची गाडी या सगळ्यांत आता बहुधा लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या दोन ध्रुवांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, केसाहूनही पातळ. तो शाबूत आहे तोवर सगळे ठीक. कचऱ्याच्या गाडीतला कॉम्पॅक्टर पिशव्या दाबतो तेव्हा तो फाटू शकतो. मग दोन्ही बाजू आतल्या आत जुळतात, उष्णता वाढते, तिने आतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, त्यांतून आणखी उष्णता निघते आणि आतला ज्वलनशील द्रव पेटतो. शेजारी कागद आणि प्लास्टिक असतेच.

कचऱ्याच्या डोंगरांना आगी लागायला बॅटरीच हवी असे नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातला मिथेन त्याला पुरेसा आहे. मुंबईच्या देवनार क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि महापालिकेला काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा ढिगाऱ्यात आपण आणखी ठिणग्या पाठवू नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.

काढून ठेवलेल्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचून ‘हवा काढू’ नये. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून ती घराबाहेर आडोशाला ठेवावी आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

घड्याळातले, रिमोटमधले, गाणी म्हणणाऱ्या भेटकार्डातले बटन सेल दिसायला निरुपद्रवी असतात. पण मुलाने गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तिथे खोल भाजल्यासारखी जखम करू शकतो, कारण ओलाव्यात त्याचा प्रवाह सुरू होतो आणि कडेला तीव्र अल्क तयार होते. सेल ‘संपलेला’ असला तरी एवढे करण्यापुरती शक्ती त्यात उरलेली असते. म्हणून काढल्याबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी न करवता तडक रुग्णालय गाठावे.

डिओडरंटचे आणि झुरळे मारायच्या स्प्रेचे डबे, दम्याचे इनहेलर हेही आगीत फुटतात. रिकामे वाटले तरी आत दाब असतो. न उडालेले फटाके बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय कचऱ्यात जाऊ नयेत. जुन्या वायरी तांब्यासाठी जाळण्याचा धंदा शहरांच्या कडेला चालतो. त्यात पीव्हीसीच्या आवरणातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात. वायर भंगारात देताना ती तारा सोलून घेणाऱ्याकडे जाते की जाळणाऱ्याकडे, याची चौकशी करायला हरकत नाही.

हवेची आणि मातीची वाट

पाऱ्याचा ताप मोजायचा थर्मामीटर अजून पुष्कळ घरांत आहे. त्यात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. सीएफएल दिव्यात तो काही मिलिग्रॅमच असतो, जास्तीत जास्त पाच धरू. म्हणजे एक थर्मामीटर फुटणे हे पाऱ्याच्या हिशेबाने निदान शंभर दिवे फुटण्याएवढे आहे. जुन्या रक्तदाबयंत्रात तर याच्याही कित्येक पटींनी जास्त पारा असतो. पारा साध्या खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत जातो. वास नाही, रंग नाही. ती वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचते. पाण्यात गेलेल्या पाऱ्याचे काही जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो. जपानमधल्या मिनामाता गावात एका कारखान्याने खाडीत सोडलेल्या मिथाइल पाऱ्याने झालेला आजार १९५६ मध्ये उघडकीला आला. त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात असून भारतानेही तो मान्य केला आहे.

थर्मामीटर फुटला तर पहिला हात झाडूकडे जातो, आणि तेच करायचे नसते. झाडूने मोठा थेंब फुटून शेकडो बारीक थेंब होतात, वाफ व्हायला तेवढा पृष्ठभाग वाढतो आणि झाडू पुढे खोलीभर तेच पसरवतो. व्हॅक्यूम क्लीनर तर वाफ थेट हवेत सोडतो. आधी मुलांना आणि मांजरा-कुत्र्याला बाहेर काढावे, पंखा बंद करावा, खिडकी उघडावी. हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवावी, कारण पारा सोन्याला चिकटून ते पांढरे पाडतो. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरावा. कोपऱ्यातले, फरशीच्या सांध्यातले थेंब चमकून दिसतात. दोन जाड पत्रिकांच्या कडांनी ते एकमेकांकडे सरकवले की आपोआप एकत्र होतात. मोठा थेंब ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने उचलावा, बारीक थेंब चिकटपट्टीला चिकटवून घ्यावेत. पारा, काच, पट्टी, पत्रिका सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून वर ‘पारा’ असे लिहावे. मोरीत काहीही धुऊ नये. सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर पंधरा मिनिटे खोली मोकळी सोडावी आणि नंतर याच पद्धतीने काच उचलावी. धड असलेली ट्यूब मूळ पुठ्ठ्यात ठेवून द्यावी. ‘मस्त आवाज येतो’ म्हणून पोरे ती फोडतात, तो खेळ थांबवावा.

इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, बाकी मुख्यतः गंधकाम्लाचे. दुकानदार नवी बॅटरी देताना जुनीचे पैसे वळते करतो, म्हणून ती सहसा फेकली जात नाही. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली, तर तो आम्ल गटारात ओतून शिसे उघड्यावर वितळवण्याची भीती असते. शिशाची झळ लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बसते. जुन्या घरांचे दरवाजे-खिडक्या खरवडताना उडणारी धूळही याच कारणाने वाईट. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला, पण वाड्याच्या दाराला लागलेला रंग त्याच्या कितीतरी आधीचा असतो. तो ओला करून खरवडावा आणि खरवड पिशवीत बांधावी. ॲस्बेस्टॉसचे जुने सिमेंट पत्रे काढतानाही तेच. ते पाणी मारून, न तोडता उतरवावेत.

शेतकरी घरांत कीटकनाशकांचे रिकामे डबे साठतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ते विष अंगावर कसे येते हे विदर्भाला सांगायला नको. तरीही डबा धुऊन त्यात पाणी किंवा रॉकेल ठेवणे अजून चालू आहे. प्लास्टिकने शोषलेले विष धुण्याने पुरते जात नाही. डबा तीनदा विसळावा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडून तो निकामी करावा आणि कृषिसेवा केंद्रात परत घेतात का ते पाहावे. विहिरीजवळ पुरू नये, चुलीत जाळू नये.

द्यायचे कुणाला?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा ही तिसरी वर्गवारी केली आणि दर वीस चौरस किलोमीटरला तो जमा करण्याचे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (औषधे, दिवे, रंगाचे डबे यांसारखा) असे चार भाग केले आहेत. ई-कचरा आणि बॅटऱ्यांचे वेगळे नियम २०२२ चे आहेत. माल बनवणाऱ्यांनी तो परत गोळा करून त्याचे पुनर्चक्रण करायचे, हे त्यांचे सूत्र आहे. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सोसायट्या आणि ब्यूटी पार्लरसारख्या आस्थापनांकडून नोंदणी घेऊन सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केली. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची मोठी केंद्रे आहेत. तिथे काही कचरा अतिउच्च तापमानाच्या भट्टीत जाळला जातो, काही सिमेंटसारख्या पदार्थात घट्ट बांधून, खाली जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या खड्ड्यात कायमचा ठेवला जातो. प्रामुख्याने कारखान्यांसाठी उभारलेल्या या केंद्रांपर्यंत घरातली बादली पोचवणारी साखळी मात्र बहुतेक गावांत तुटलेली आहे.

म्हणून सुरुवात साखळीच्या आपल्या टोकापासून करावी. घरात मुलांच्या हाताला न लागेल असा एक झाकणाचा डबा ठेवावा. सेल, दिवे, औषधे, स्प्रे प्रत्येकाची वेगळी पिशवी करून त्यावर नाव लिहावे. द्रव पदार्थ एकमेकांत कधीही मिसळू नयेत. अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत सापडतात. नवा मोबाइल किंवा ट्यूब घेताना दुकानदाराला ‘जुने परत घेता का?’ असे विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की अकराव्यासाठी दुकानात खोके ठेवले जाते. पाऱ्याऐवजी डिजिटल थर्मामीटर आणि रंगाचा लागेल तेवढाच डबा घेतला, तर पुढच्या वर्षीची बादली आणखी हलकी होईल.

एकट्या घराचा अर्धा किलो कचरा न्यायला कुणी गाडी पाठवत नाही, साठ घरांचा पाठवतो. तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्यावा. जिन्याखाली कुलपाचा एक पिंप, त्याची किल्ली सांभाळणारा एक माणूस आणि वर्षातून दोन तारखा, एक दिवाळीच्या आधीची आणि एक पावसाळ्याच्या आधीची. ठराव तीन ओळींचा होईल. त्याची एक प्रत प्रभाग कार्यालयात नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी, म्हणजे पिंप भरल्यावर गाडी कुणाकडे मागायची हे लेखी राहील.